बोट अचानक दुखू लागलं तर काय पाहावं?

बोट दुखू लागलं की बहुतेकांना तेच ते प्रश्न पडतात. बर्फ लावावा की शेकावं? एक्स-रे काढावा का? युरिक अ‍ॅसिड तर वाढलं नसेल? आणि एवढ्याशा बोटासाठी डॉक्टरांकडे जायचं का? या सगळ्यांचा निकाल आपण एकाच मापानं लावतो: कळ सोसवत नसेल तर जायचं, सोसवत असेल तर थांबायचं. बोटाच्या बाबतीत हे माप फसवं आहे. बोटाच्या टोकाशी संवेदना वाहणाऱ्या नसांची दाटी असते, म्हणून बारीकसा काटा रुतला तरी जीव कासावीस होतो. उलट टोकाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटली तर कळ काही दिवसांत ओसरते, सूज उतरते आणि बोट मात्र कायमचं वाकडं राहतं. म्हणून कळ किती आहे हे सर्वांत शेवटी विचारा. ती नेमकी कुठे आहे, कशी सुरू झाली, बोटाचं कोणतं काम थांबलं आणि रंग बदलला का, हे चार प्रश्न आधी. पुढचं सगळं मार्गदर्शन या चार प्रश्नांवर उभं आहे.

पहिल्या पाच मिनिटांत

- अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. सूज चढल्यावर अंगठी बोटाचा रक्तपुरवठा अडवते. निघत नसेल तर हात काही मिनिटं डोक्याच्या वर धरा, मग साबण किंवा तेल लावून फिरवत काढा. तरीही निघाली नाही तर दवाखान्यात कापून घ्या. सोनार ती पुन्हा जोडून देईल.
- दोन्ही हात शेजारी ठेवा. रंग, ऊब, आकार यांची तुलना दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी करा.
- प्रत्येक पेर वेगळं हलवा. मधलं पेर धरून शेवटचं वाकवा आणि सरळ करा, मग मधलं. सगळं बोट हलतंय एवढ्यावर समाधान मानू नका.
- अलगद मूठ मिटा. एखादं बोट शेजारच्यावर चढत असेल तर हाड मोडून फिरलेलं असू शकतं.
- पेन्सिलीच्या बोथट टोकानं दाबून दुखरी जागा ठरवा. सांधा, नखाची कड, पेराचं मांस की तळव्यातलं बोटाचं मूळ, यावर पुढची दिशा ठरते.

थांबायचं नाही अशा खुणा

यातली एकही खूण दिसली तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, रुग्णालय गाठा:

- बोट पांढरंफटक किंवा निळं आणि गार पडलं आहे. नख दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी होत नाही.
- सगळं बोट सुजलं आहे, किंचित वाकलेलं राहतं, तळव्याच्या बाजूनं दाबलं तर लांबीभर दुखतं आणि कुणी सरळ करू गेलं तर कळ मस्तकात जाते.
- बोटापासून हातावर लाल रेघ चढते आहे, ताप आहे किंवा थंडी वाजते आहे.
- कापल्यावर किंवा मार लागल्यावर एखादं पेर वाकत नाही, सरळ होत नाही किंवा बधिर झालं आहे.
- भांडणात मूठ दुसऱ्याच्या दातावर आपटून सांध्याशी जखम झाली आहे.
- ग्रीस गन, रंगाचा फवारा किंवा हायड्रॉलिक नळीतला द्रव दाबाखाली बोटात घुसला आहे.
- साप, विंचू किंवा नीट न दिसलेलं काहीतरी चावलं आहे.
- बोटं-हात दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप आहे, किंवा तोंड वाकडं होऊन हात लुळा पडतो आहे. इथे बोटाचा विचार सोडा आणि १०८ वर फोन करा.

या यादीत असह्य कळ हा शब्द एकदाही वेगळा लिहिलेला नाही. दाबाखाली घुसलेल्या ग्रीसची जखम टाचणीच्या टोकाएवढी असते आणि सुरुवातीचे काही तास ती फारशी दुखतही नाही. आतमध्ये मात्र ते द्रव्य कंडरेच्या आवरणातून पसरत मांस मारत जातं. कामगार पट्टी बांधून पाळी पूर्ण करतो आणि बोट वाचवण्याची वेळ निघून जाते. दातावर आपटलेल्या मुठीचंही तसंच. खरचटल्यासारखी दिसणारी जखम सांध्याच्या आत तोंडातले जंतू सोडून गेलेली असते.

मार लागला असेल तर

क्रिकेटचा चेंडू बोटाच्या टोकावर बसतो किंवा गादीखाली चादर खोचताना टोक दुमडतं, आणि शेवटचं पेर खाली लोंबतं. दुसऱ्या हातानं ते सरळ होतं, स्वतःहून होत नाही. इथे पेर सरळ करणारी कंडरा हाडापासून सुटलेली असते. उपचार साधा आहे, पण शिस्तीचा. फक्त शेवटचा सांधा सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. पट्टी बदलतानाही बोट टेबलावर टेकवून सरळच ठेवायचं. मध्येच एकदा पेर वाकलं तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. बहुतेकांचं बोट या एवढ्यानं, शस्त्रक्रियेशिवाय सुधारतं. न सुधारणाऱ्यांत दुखायचं थांबलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात पट्टी काढणारे बरेच असतात.

याचं उलटं रूप कबड्डीत दिसतं. प्रतिस्पर्ध्याची बनियन घट्ट धरलेली असते, तो झटका देऊन निसटतो आणि पकडणाऱ्याचं बोट, बहुतेकदा अनामिका, शेवटच्या पेरात वाकेनासं होतं. बाकी बोट वाकत असल्यामुळे लचक समजून दुर्लक्ष होतं. पण तुटलेली कंडरा रबर सुटावं तशी तळव्याकडे आखडत जाते. साधारण आठवडा-दहा दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर ती जागेवर जोडता येते, पुढे ते काम अवघड होत जातं. म्हणून बोट हलतंय म्हणजे मोडलेलं नाही, हा घरोघरी ऐकू येणारा निष्कर्ष चुकीचा आहे. हाड मोडूनही बोट हलू शकतं आणि हाड शाबूत असूनही कंडरा तुटलेली असू शकते. दुसरी गोष्ट एक्स-रेमध्ये दिसतेच असं नाही. ती दिसते पेर वेगळं हलवून पाहण्यात.

सांधा निखळून बोट वेडंवाकडं झालं असेल तर ते स्वतः ओढू नका, मित्राला किंवा मालिशवाल्याला ओढू देऊ नका. सोबत हाड मोडलेलं असेल तर त्याचे तुकडे सरकतात. दारात बोट चेंगरून नखाखाली काळंनिळं रक्त साचलं आणि ठणका मारू लागला, तर पहिल्या दिवसभरात डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून ते बाहेर काढतात आणि लगेच आराम पडतो. तापवलेल्या सुईनं हे घरी करू नका. खाली हाड मोडलं असेल तर जंतूंना थेट वाट मिळते.

मार नाही, पण सूज आणि ठणका

नखाच्या कडेला लाली, सूज आणि ठणका म्हणजे नखुरडं. हात सतत पाण्यात असणाऱ्यांना, नखाची कातडी कुरतडणाऱ्यांना ते सहज होतं. पू धरला नसेल तर कोमट पाण्यात बोट दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा बुडवून ठेवणं बहुधा पुरतं. पू धरला असेल तर तो बाहेर काढणं हाच उपचार. साचलेल्या पुवावर नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या नीट चालत नाहीत, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पाच गोळ्यांनी ठणका थोडा दबतो आणि पुन्हा उसळतो.

इथे लिंबाचा प्रश्न येतोच. बोट लिंबात खोवून ठेवलं की नखुरडं फुटतं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं आणि अनेकांचं फुटलेलंही असतं. पण कडेचा पू बऱ्याचदा आपोआप वाट काढतो, मग बोटाला लिंबू असो वा नसो. प्रश्न पू कडेला नसतो तेव्हाचा आहे. बोटाच्या टोकाचं मांस पडद्यांनी बारीक कप्प्यांत विभागलेलं असतं. तिथे पू झाला तर त्याला पसरायला जागा नसते, दाब वाढतो आणि आतल्या हाडापर्यंत संसर्ग जातो. टोक टणक, ताणलेलं लागत असेल आणि ठणक्यानं रात्री झोप लागत नसेल, तर लिंबात घालवलेला दिवस महाग पडतो. आणखी एक अपवाद लक्षात ठेवा. टोकाला पाण्यासारखे स्वच्छ, गुच्छातले फोड आले असतील तर तो नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. असे फोड फोडायचे नसतात.

संसर्ग कंडरेच्या आवरणात शिरला तर परिस्थिती वेगळ्याच पातळीवर जाते. वर दिलेल्या यादीतली दुसरी खूण याचीच. शिकागोचे शल्यविशारद अ‍ॅलन कॅनव्हेल यांनी हाताच्या संसर्गावरचा ग्रंथ १९१२ मध्ये लिहिला. त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या खुणा डॉक्टर आजही तपासतात, कारण यंत्राविना, नुसत्या नजरेनं आणि स्पर्शानं त्या कळतात. तुम्हालाही कळतात. मधुमेह असेल तर संसर्गाबाबत एक दिवसही वाट पाहू नका. नसांवर परिणाम झालेल्या हातात ठणका कमी जाणवतो, संसर्ग मात्र जास्त वेगानं पसरतो.

काही चावलं किंवा टोचलं

लाकडं, पेंढा, दगड उचलताना विंचू डसतो तो बहुधा बोटालाच. कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम करतं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधानं त्यावर उपचार रूढ केले आणि तेव्हापासून मृत्यूंचं प्रमाण बरंच घटलं. या दंशात कळेचं माप उलटं चालतं. असह्य कळ असून बाकी काही लक्षण नसलेला रुग्ण बहुधा कमी धोक्यात असतो. कळ बेताची, पण अंगाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार आणि छातीत धडधड असेल तो जास्त धोक्यात. तरी दोघांनाही, आणि लहान मुलांना तर न चुकता, रुग्णालयातच न्या. मण्यारीच्या दंशाला तर जवळजवळ कळच नसते. दंशाची जागा कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. हात हलू न देता निघा.

मासे साफ करताना शिंगाळ्याचा काटा लागला तर कळ भयंकर असते, पण तिच्यावर घरीच तोडगा आहे. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेनं त्या विषातली प्रथिनं निकामी होतात. पाण्याचा अंदाज चांगल्या हातानं घ्या, नाहीतर भाजून निघाल. काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हे मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्या.

बोट अडकतं, मुंग्या येतात, अंगठा धरतो

सकाळी उठल्यावर बोट मिटलेलंच राहतं, उघडताना खट्‌ आवाज होऊन कळ येते आणि तळव्यात बोटाच्या मुळाशी दाबलं की दुखतं. हे ट्रिगर फिंगर. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात आणि त्यांच्या कंडरा कड्यांतून ओवल्यासारख्या बोटापर्यंत येतात. पहिलं कडं जाड झालं की कंडरा त्यात अडकते. सर्वसाधारण लोकांत आयुष्यभरात २ ते ३ टक्क्यांना होणारा हा त्रास मधुमेहींत सुमारे १० टक्क्यांपर्यंत आढळतो. आवाज भीतिदायक असला तरी घाई नसते. पर्याय क्रमानं असे:

- काही आठवडे जोरानं पकडण्याची कामं कमी करणं आणि रात्री पट्टी लावणं.
- मुळाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन. निम्म्याहून अधिक जणांना गुण येतो, मधुमेहींना तुलनेनं कमी. काही दिवस रक्तातली साखर वाढते, हे आधी विचारून ठेवा.
- तरी अडकत राहिलं तर जागेपुरती भूल देऊन ते कडं मोकळं करण्याची छोटी शस्त्रक्रिया.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल आणि करंगळी सुटलेली असेल, तर नस मनगटात दबते आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी हा पहिला उपाय. अंगठ्याच्या बाजूनं मनगटापर्यंत कळ येणं बाळाला वारंवार उचलणाऱ्या नव्या आईला हमखास गाठतं. तिथे बाळाला उचलण्याची पद्धत बदलणं आणि अंगठ्याला पट्टी, यांनी बराच फरक पडतो. मान वळवल्यावर बोटातली चमक वाढत असेल तर मूळ मानेत शोधा.

सांधा सुजला, आणि युरिक अ‍ॅसिडचा गोंधळ

बोटाचा सांधा सुजला की लोक आधी रक्त तपासतात आणि मग आकड्याला साजेसा आजार ठरवतात. क्रम उलटा हवा. गाउटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचा, झटका रात्रीतून येतो, सांधा लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्श सोसवत नाही. बहुधा पायाच्या अंगठ्यात, पण लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क स्त्रियांत हाताच्या बोटांतही. ऐन झटक्यात रक्तातलं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं. उलट, ते वाढलेल्या अनेकांना गाउट कधीच होत नाही. आकडा बघूनच निदान केलंत तर दोन्हीकडून चुकण्याची शक्यता आहे. एकच सांधा लाल, गरम, सोबत ताप असेल तर तो गाउट आहे असं घरी ठरवू नका. सांध्यातला पू अगदी तसाच दिसतो आणि तो सांधा लवकर नासवतो.

खुणांवरून दिशा अशी मिळते:

- टोकाजवळच्या सांध्यांना टणक गाठी, काम केल्यावर दुखणं: वयानुसार होणारी झीज.
- मुळाचे आणि मधले सांधे, दोन्ही हातांत, सकाळी तासभर आखडलेले, सहा आठवड्यांहून जास्त काळ: आमवाताची शंका. संधिवाततज्ज्ञांकडे लवकर गेलात तर सांधे वाचतात.
- ताप येऊन अनेक सांधे एकदम धरले: चिकुनगुन्या. पुण्यानं २०२४ मध्ये याची मोठी साथ पाहिली. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको.

रंगाबद्दल थोडक्यात. गारठ्यात बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होऊन पूर्ववत होत असतील तर हात उबदार ठेवा, तंबाखू-सिगारेट सोडा आणि सवडीनं तपासून घ्या. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत कधीकधी काही न लागता बोटात जळजळ होऊन निळा डाग उमटतो आणि काही दिवसांत आपोआप जातो. दिसायला घाबरवणारा, पण बहुधा निरुपद्रवी. गारठा नसताना बोट पांढरं आणि गार राहिलं, तर मात्र ती तातडीची वेळ.

घरी काय करायचं, काय नाही

- थंड की गरम? ताज्या माराला पहिले दोन दिवस थंड शेक, फडक्यात गुंडाळून, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. जुन्या आखडलेल्या सांध्याला कोमट शेक. बोटं बधिर असतील तर गरम शेक टाळा, भाजलेलं कळत नाही.
- गोळ्या: पॅरासिटामॉल सर्वांत सुरक्षित, निरोगी प्रौढानं दिवसात ४ ग्रॅमच्या आत. मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला अल्सर, रक्त पातळ करणारं औषध किंवा गर्भारपण असेल तर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय नको.
- लेप: कातडी शाबूत असेल तर आंबेहळदीनं नुकसान नाही. लेपामुळे तपासणी लांबली तर आहे. जखमेवर लेप नको.
- विश्रांती: बोट बांधून ठेवलं की पटकन आखडतं. डॉक्टरांनी मुदत सांगितली नसेल तर दोन-तीन दिवसांनी हळूहळू हलवू लागा. कंडरा तुटलेली असेल तर मात्र सांगितलेली मुदत पूर्ण पाळा.

वरच्या यादीतली कोणतीही धोक्याची खूण नसलेलं बहुतेक दुखणं आठवडाभरात ओसरतं. दोन आठवड्यांत ओसरलं नाही, तर तपासून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना, आणि तुमचे हक्क

साधी सूज, नखुरडं जवळच्या डॉक्टरांना दाखवा. पेर हलत नसेल किंवा हाडाची शंका असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ, नस-कंडरा कापली असेल तर हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेले ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जन. विचारा: कोणती रचना बिघडली आहे? थांबलो तर काय बिघडेल? पट्टी किती दिवस, आणि काढून हलवायची मुभा आहे का?

- आणीबाणीत प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.
- लेखी मागणी केल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.
- महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत करण्यात आले.
- कामावर बोट सापडलं तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा आणि केसपेपरवर ‘कामावर झालेली इजा’ अशी नोंद करून घ्या. भरपाईचा दावा याच नोंदीवर उभा राहतो.

एवढ्याशा बोटासाठी कशाला, या आक्षेपाला उत्तरही इथेच आहे. कामगारांच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला. बोट गमावल्यानं माणसाची कमाईची ताकद किती घटते, हे त्याच्या परिशिष्टात टक्क्यांनी मांडलं होतं: अंगठा ३०, तर्जनी १४, मधलं १२, अनामिका किंवा करंगळी ७. कायद्यानं हा हिशेब मांडला तो बोट किती दुखलं यावरून नाही, त्याचं किती काम गेलं यावरून. आज तुमचं बोट दुखत असेल तर तुम्हीही तेच पाहा. अंगठी काढा आणि एकेक पेर वाकवून बघा.